हात थकल्यावरचा सराव

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून बार्शीत आमचे किराणा दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि उजवी बाजू लुळी पडली. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. बोलताना थोडे अडखळतात, पण त्यांना समजते सगळे. उजवा हात छातीपर्यंत उचलला जातो. बोटे मिटतात, परंतु मिटलेली बोटे उघडत नाहीत. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट घरी येतात, मधल्या दिवशी मात्र बाबा व्यायामाला तयार होत नाहीत. माझ्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. डोळे मिटून हात हलत असल्याची कल्पना केली की मेंदू आपोआप जागा होतो, व्यायामाची गरज राहत नाही, असे त्यात सांगितले होते. तेव्हापासून बाबा म्हणतात, "मी मनात करतो, मला हात धरून ओढू नका." नातेवाईक म्हणतात की सहा महिने उलटले, आता जे सुधारायचे ते सुधारले. फिजिओथेरपीचा खर्चही जड जातो आहे. ती बंद करून हा मनातला व्यायामच चालू ठेवावा का?
— क., बार्शी

उत्तर : ताई, प्रथम तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. फिजिओथेरपी बंद करू नका. मनातला सराव मात्र अवश्य सुरू करा. पण बाबांनी ज्या दिवशी जी हालचाल हाताने केली असेल, त्याच हालचालीचा आणि शक्यतो त्याच बैठकीत तो झाला पाहिजे. व्हिडिओत सांगितलेले अर्धे खरे आहे. त्या अर्ध्या खऱ्याच्या भरवशावर हातचा व्यायाम सुटू नये, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी बाबांच्या "हात धरून ओढू नका" या वाक्याकडे लक्ष द्या. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडले की हाताचा सगळा भार सांध्याच्या आवरणावर येतो. अशा वेळी कोणी मनगट धरून हात वर ओढला, किंवा बगलेत हात घालून माणसाला खुर्चीतून उठवले, तर खांदा दुखावतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकत राहतो. घरचे ज्याला आळस किंवा कंटाळा म्हणतात, तो पुष्कळदा खांद्याच्या दुखण्यामुळे केलेला नकार असतो, हे मी पंचवीस वर्षांच्या कामात इतक्या वेळा पाहिले आहे की, व्यायाम टाळणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न खांद्याचाच विचारते. शर्टाच्या बाहीत हात घालताना दुखते का, उजव्या कुशीवर झोपता येते का, हे बाबांना शांतपणे विचारा. दुखत असेल तर थेरपिस्ट पुढच्या वेळी येतील तेव्हा व्यायाम सुरू होण्यापूर्वीच त्यांना सांगा. घरी हात उचलायला मदत करायचीच असेल तर एक तळवा कोपराखाली आणि दुसरा पाठीवर खांद्याच्या पात्याला असावा. मनगटाला धरून खेचू नये.

आता मनातल्या सरावाविषयी. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूत आधी हालचालीची आखणी होते आणि मग स्नायूंना हुकूम सुटतो. हालचालीची नुसती, पण मनापासून कल्पना केली तरी आखणीचे काम करणारे मेंदूचे बहुतेक भाग कामाला लागतात, फक्त शेवटचा हुकूम रोखून धरलेला असतो. अल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. पियानो न येणाऱ्या धडधाकट माणसांना पाच बोटांचा एक धडा देण्यात आला. काहींनी पाच दिवस रोज दोन तास तो प्रत्यक्ष वाजवला, तर काहींनी तितकाच वेळ पियानोसमोर बसून तो फक्त मनात वाजवला. मेंदूतील बोटांच्या भागात दोन्ही गटांत बदल दिसले. वाजवण्यात मात्र मनात सराव करणारे पाचव्या दिवशी तेथवर पोहोचले होते, जेथे हाताने वाजवणारे तिसऱ्याच दिवशी होते. त्यानंतर त्यांना केवळ दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिले, आणि ते दुसऱ्या गटाच्या बरोबरीला आले. मनाने तयार केलेली जमीन हाताने फळाला आणली, असे मी त्या प्रयोगाबद्दल म्हणेन. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो आणि मग हाताने वाजवतो. पण नुसती पढंत करून कोणी तबलजी झाल्याचे मी ऐकलेले नाही.

अर्धांगवायूच्या रुग्णांवरही हा सराव तपासून पाहिलेला आहे, आणि त्यांतले दोन अभ्यास शेजारी ठेवले की तुमच्या घरातील वाद मिटावा. अमेरिकेत सिनसिनाटी येथे स्टीफन पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ रुग्ण घेतले. त्यांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, सहा आठवडे हाताची थेरपी दिली. थेरपीनंतर अर्ध्या रुग्णांनी नुकत्याच केलेल्या हालचालींचा ध्वनिफीत ऐकत मनात सराव केला, तर उरलेल्यांनी तेवढाच वेळ फक्त शिथिल पडून राहण्याची ध्वनिफीत ऐकली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हाताच्या कामाच्या ५७ गुणांच्या चाचणीत पहिल्या गटाची सरासरी सात-आठ गुणांनी वाढली, दुसऱ्या गटाची जवळजवळ जागच्या जागी राहिली. याच्या उलट, ब्रिटनमध्ये इएट्सवार्ट आणि सहकाऱ्यांनी १२१ रुग्णांवर केलेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे. तेथे चार आठवडे हालचालींची कल्पना करून घेण्यात आली, पण ती त्या त्या हालचालीच्या प्रत्यक्ष सरावाशी बांधलेली नव्हती. त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांहून अधिक फायदा झाला नाही. पुढे २०२० साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २५ अभ्यासांतील ६७६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि इतर उपचारांना जोड म्हणून मनातला सराव दिला तर हाताच्या कामात सुधारणा होते, असाच तिचा कौल पडला. "जोड म्हणून" हे शब्द तुमच्या भावाला आवर्जून वाचून दाखवा.

पहिल्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट तुमच्या नातेवाइकांसाठी सांगते. त्या ३२ जणांना झटका येऊन सरासरी साडेतीन वर्षे झालेली होती. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, हे खरे. पण सहाव्या महिन्याला दार बंद होते, ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी अनेक घरांत व्यायामाची चटई कायमची गुंडाळली गेलेली मी पाहिली आहे. शिवाय त्या रुग्णांनाही थेरपी आठवड्यातून दोनदाच मिळत होती. म्हणजे तुमच्याकडे आज जे चालले आहे ते अपुरे नाही. मधले पाच दिवस रिकामे जातात, एवढीच उणीव आहे. दुबळा हात दहा-बारा प्रयत्नांत थकतो, थकला की आखडतो, आणि मेंदूला तर पुन्हा पुन्हा तीच हालचाल हवी असते. हात थकल्यानंतरच्या आवृत्त्या मनाने करून घ्यायच्या, हे या पद्धतीचे सगळे इंगित आहे.

बाबांना कल्पना नीट जमते का, हे आधी पाहा. मेंदूच्या काही भागांना इजा झाली असेल तर कल्पना करणेच अवघड होते; ज्यांना लुळ्या बाजूचे भानच उरलेले नाही किंवा बोललेले समजत नाही, त्यांना ही पद्धत तशीच लावता येत नाही. तुमच्या बाबांना समजते, ही मोठी जमेची बाजू आहे. एक साधी परीक्षा घ्या. त्यांना डाव्या, चांगल्या हाताने टेबलावरचे फुलपात्र उचलून ओठांना लावून परत ठेवायला सांगा आणि घड्याळात सेकंद मोजा. मग डोळे मिटून, हात न हलवता, तेच डाव्या हाताने मनात करायला सांगा. सुरू करताना आणि संपताना त्यांनी "हं" म्हणावे. धडधाकट हालचालीला आणि तिच्या कल्पनेला साधारण सारखाच वेळ लागतो. प्रत्यक्षात सहा सेकंद लागले आणि मनात एका सेकंदात आटोपले, तर त्यांनी हालचाल केली नाही, नुसती आठवली. असे झाले तर निराश होऊ नका. सावकाश करायला सांगून तीन-चार दिवस डाव्या हातानेच घोटून घ्या, आणि त्यानंतर उजव्या हाताकडे वळा.

दुसरी खूण अशी की, कल्पना आतून झाली पाहिजे. समोर दूरचित्रवाणीवर आपण स्वतः दिसतो आहोत, अशा रीतीने पुष्कळ लोक कल्पना करतात. आपल्याला मात्र आपल्याच डोळ्यांनी दिसणारा आपला हात, त्याचे वजन, कोपर सरळ होतानाचा ताण आणि स्टीलचा गारवा हवा आहे. म्हणून मध्येच विचारा, "गार लागले का? पाणी किती होते?" उत्तर लगेच आले तर ते खरोखरच तेथे होते असे समजा.

बैठक अशी असू द्या. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दोन्ही पावले जमिनीला टेकलेली, समोर कोपराच्या उंचीचे टेबल आणि त्यावर दुमडलेला टॉवेल. फुलपात्राला रुंद रबर गुंडाळा, म्हणजे ते निसटणार नाही. सुरुवातीला ते रिकामेच ठेवा. खांदा न दुखवता, जमेल तितक्या मदतीने बाबांनी तीन-चार वेळा ते प्रत्यक्ष उचलावे किंवा उचलण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. मग पाठ टेकून, हात टॉवेलवर सैल सोडून, डोळे मिटावेत. तीन-चार मिनिटे श्वास संथ होऊ द्यावा. त्यानंतर तुम्ही किंवा आईने सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलत जावे. मी माझ्या रुग्णांसाठी साधारण असे बोलते :

"तुमचा उजवा हात टॉवेलवर आहे. टॉवेल मऊ आहे, तळव्याला त्याचे धागे लागत आहेत. समोर फुलपात्र आहे. कोपर हळूहळू सरळ होते आहे, हात टेबलावरून पुढे सरकतो आहे, घाई नाही. बोटे उघडत आहेत. आधी अंगठा बाजूला गेला, मग चारही बोटे सैल, लांब झाली. फुलपात्राचा गार कड तळव्याला लागला. बोटे त्याच्याभोवती मिटली. फुलपात्र वर येते आहे, आतले पाणी हलते आहे, ओठांना कड लागली, एक घोट घेतला. आता ते खाली जाते आहे. टेबलाला टेकल्याचा आवाज आला. आता बोटे सोडा. सोडा. हात मोकळा झाला, मागे आला, टॉवेलवर विसावला."

हे मोबाइलवर आईच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. प्रत्येक वाक्यानंतर पुरेसा थांबा घ्या, कारण दुबळ्या हाताची कल्पनाही चांगल्या हातापेक्षा सावकाशच होते. आठ-दहा आवृत्त्या झाल्या की डोळे उघडून, खोलीत कोण बसले आहे, बाहेर कसले आवाज येत आहेत, याकडे लक्ष आणून लगेच पुन्हा दोन-तीन वेळा प्रत्यक्ष प्रयत्न करावा. हा शेवटचा भाग गाळू नका. तेथेच मनातले हातात उतरते. सगळे मिळून अर्धा तास पुरतो. रोज एकाच वेळी, सकाळच्या चहानंतर मन ताजे असताना ही बैठक करा. जेवणानंतर केलीत तर बाबांना झोप लागेल आणि घरच्यांना वाटेल की सराव चालू आहे.

तुमच्या पत्रातील "मिटलेली बोटे उघडत नाहीत" या तक्रारीसाठी वरच्या बोलण्यातील "सोडा" हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. रुग्ण कल्पना करतानाही जोर लावतात, दात आवळतात, आणि जोराबरोबर मूठ अधिकच घट्ट होते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका रुग्णाला "उघडा, आणखी जोर करा" असे सांगत राहिले होते, आणि त्याची बोटे दिवसेंदिवस आत वळत गेली. ती चूक मला एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी दाखवून दिली. उघडणे म्हणजे ढकलणे नव्हे, सैल सोडणे होय. म्हणून मनातला सराव चालू असताना तुमचा तळवा बाबांच्या मुठीवर हलकेच ठेवा. ती आवळते आहे असे जाणवले तर थांबवा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि पुन्हा सुरुवात करा. काही केले तरी मूठ घट्टच होत चालली असेल, नखे तळव्यात रुतू लागली असतील, तर डॉक्टरांना दाखवा. आखडलेपणावर औषधे आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत.

पायासाठीही अशीच कल्पना करता येते, पण ती बसूनच करावी. चालताना डोळे मिटण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

फुलपात्र जमू लागले की पुढची हालचाल बाबांच्या दुकानातून निवडा. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण आपल्या देशात प्रथम सुरू केले. माणसाला त्याच्या रोजच्या कामातूनच पुन्हा कामाजोगे करायचे, ही त्या शाखेची दृष्टी मला आजही सर्वाधिक पटते. तुमचे बाबा लहानपणापासून पुड्या बांधत आले असतील. कागदावर शेंगदाणे ओतायचे, कडा दुमडायच्या, वरच्या रिळाचा दोरा खाली ओढायचा, दोन वेढे आणि बोटाने एक झटका देऊन तोडायचा. या हालचालींचा ठसा चाळीस वर्षांत इतका खोल उमटलेला असतो की, रबराचा चेंडू दाबण्याची कल्पना ज्यांना कंटाळवाणी वाटते, ते पुडीची कल्पना करताना हसू लागतात. एखादे दिवशी दुकानातून कागद, दोऱ्याचे रीळ आणि पावशेर शेंगदाणे घरी आणा. कागदाची कड उजव्या हाताने नुसती दाबून धरणे, एवढेच पहिल्या महिन्याचे काम पुरे. बाकीचे डाव्या हाताने करावे आणि उजव्याने काय केले असते ते मनात करावे.

खर्चाविषयी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी अल्प दरात मिळते. सोलापूरला चौकशी करून महिन्यातून एकदा तेथे तपासणी, आणि घरी आठवड्यातून एकदा थेरपिस्ट, अशी जोडणी करता येईल का ते पाहा. थेरपिस्टना या मनातल्या सरावाबद्दल मोकळेपणाने सांगा आणि पुढच्या आठवड्यात कोणती हालचाल घ्यायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. बाबांच्या हाताला आज काय झेपेल हे त्यांनी हात लावून पाहिलेले आहे. मी पाहिलेले नाही.

अर्धांगवायूनंतर साधारण तिघांतील एकाला नैराश्य येते. बाबा खाण्यापिण्यात रस घेत नसतील, दुकानाची चौकशी करत नसतील, पहाटे लवकर जाग येऊन पडून राहत असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण त्यावर उपचार आहेत आणि त्यांच्याविना कोणताही सराव तग धरत नाही. "मी मनात करतो" म्हणून डोळे मिटून घेणारा माणूस कधी कधी केवळ एकटे राहू पाहत असतो. कोणी मालिश सुचवली तर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, बाबांना बरेही वाटेल. मात्र बधिर हाताला गरम पिशवी लावू नका, चटका बसल्याचे त्यांना कळणारही नाही. कबुतराचे रक्त आणि तत्सम उपाय कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. रक्तदाबाची, साखरेची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. पुन्हा कधी तोंड वाकडे झाले, हात गळून पडला किंवा बोबडी वळली, तर १०८ ला फोन करून तत्काळ रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

दुकानातील एखादी जुनी खतावणी घ्या आणि रोज तीन गोष्टी लिहा : फुलपात्र प्रत्यक्ष किती वेळा उचलले, मनात किती वेळा उचलले, आणि दोन्हींना किती सेकंद लागले. शक्य असेल तर हे आकडे बाबांनाच डाव्या हाताने लिहू द्या. हिशेब ठेवण्याची सवय असलेला माणूस स्वतःच्या हाताचा हिशेबही मन लावून ठेवतो, असा माझा अनुभव आहे. सहा आठवडे झाले की ती पाने थेरपिस्टना दाखवा आणि मलाही कळवा. विशेषतः फुलपात्र टेबलावर टेकल्यानंतर बोटे सुटायला किती वेळ लागतो, तो आकडा मला हवा आहे.